तिसऱ्या हाकेला

हौसाबाईला पास्कूशेठच्या वखारीत काम मिळालं ते तिच्या गळ्यामुळे. गळा म्हणजे गाण्याचा नव्हे. ती जुन्या भाईंदरची कोळीण. डोक्यावर पाटी घेऊन बोंबील विकायची तेव्हा तिची आरोळी खाडीपलीकडे ऐकू जाते असं लोक म्हणत. लोक जरा वाढवून सांगत असतील, पण अगदीच खोटं सांगत नव्हते. असल्या आवाजाची बाई शेजारी राहिली तर माणसं कानात बोटं घालतात. वखारीत मात्र तिला त्याच आवाजाचा पगार मिळे.

वखार काशीगावच्या अलीकडे होती. दारूबंदीचे दिवस होते ते. घरात बाटली सापडली तर माणूस थेट आत जायचा. पण चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला वाइन लागते आणि तिला परवाना असतो. तो पास्कूशेठकडे होता, चौकटीत घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेला. माघात नाशकाहून काळी द्राक्षं ट्रकने यायची, ती तुडवली जायची आणि सिमेंटच्या सहा टाक्यांत आंबायला पडायची. टाक्या जमिनीत पुरलेल्या, दोन पुरुष खोल, वर एक माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड. रस काढून घेतला की तळाला ढोपरभर चोथा उरे आणि तो काढायला माणसाला आत उतरावं लागे.

भीती होती ती तिथे. द्राक्षं आंबताना जी हवा सुटते ती जड असते. ती वर येत नाही, टाकीच्या तळाशीच बसून राहते आणि चोथ्यात फावडं घातलं की आणखी सुटते. दिसत नाही, आणि वास येतो तो द्राक्षांचाच, चांगला गोड. आतला माणूस दोन बादल्या भरतो, तिसरी भरताना दमल्यासारखा खाली बसतो आणि मग उठत नाही.

त्रेसष्ट सालच्या चैत्रात विठू नावाचा गडी तीन नंबरच्या टाकीत असाच खाली बसला. वर हौसाबाईचा नवरा धर्मा उभा होता. त्याने दोर मागितला नाही की कुणाला बोलावलं नाही. मित्र पडला म्हणून त्याने सरळ आत उडी टाकली. दोघांना बाहेर काढलं तेव्हा धर्माच्या मुठीत विठूचं मनगट होतं आणि ती मूठ सोडवायला दोन माणसं लागली. हौसाबाईने ते पाहिलं होतं. पाहू नये ते पाहिलं की ते डोळ्यांत घर करून राहतं, तसं ते तिच्या डोळ्यांत राहिलं.

त्यानंतर पास्कूशेठने वखारीत तीन नियम घातले. उतरण्याआधी टाकीत पेटता दिवा सोडायचा, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. आणि टाकीच्या तोंडावर एक माणूस बसवायचा. त्याने दुसरं काही करायचं नाही, फक्त थोड्या थोड्या वेळाने आतल्याला नावाने हाक मारायची. आतल्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर दोर ओढायचा. ही हाक मारायची जागा शेठने हौसाबाईला दिली. तिच्या नवऱ्याची भरपाई म्हणून दिली की तिच्या आवाजासाठी, ते शेठला ठाऊक आणि त्याच्या देवाला ठाऊक.

बाकीच्यांना वाटायचं, बाईचं बरं आहे, बसून खाते. त्यांना काय कळणार! हाक मारली की ओ येईपर्यंत तिच्या पोटात गोळा यायचा. ओ आली की तो विरघळायचा आणि पुढच्या हाकेला पुन्हा यायचा. दिवसाला अशा दोनशे हाका. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिच्याने भाकरी थापवत नसे. पण सात वर्षांत तिच्या हाकेखाली एकही माणूस गेला नव्हता. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे, मनातल्या मनात मात्र मोजायची.

सत्तर सालच्या हंगामात राघो नावाच्या गड्याने आपल्या धाकट्या भावाला, सदूला, राजापूरकडून आणलं. चोवीस वर्षांचा, अंगाने काटक, टाकीत उतरायला अगदी बेताचा. पहिल्या दिवशी दिवा नीट जळला, सदू उतरला आणि हौसाबाईने हाक मारली, "सदू!"

ओ नाही.

"सदू रे!"

काही नाही. ती किंचाळली, दोर धरला, राघो धावला, दोघांनी मिळून जिवाच्या आकांताने ओढलं आणि वर आला तो सदू, कपड्याच्या बोचक्यासारखा लोंबकळत, कोपरं सोलटलेली आणि चांगला शुद्धीवर.

"अगो मावशी, मारतेस काय?" तो ओरडला. "तिसरी मारायचीस तरी!"

"तिसरी कसली मेल्या? दोन हाका मारल्या, तुझी जीभ काय चोथ्यात पडली?"

"आमची आई सांगते, कोण न दिसता हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाय. भूत दोनदाच हाक मारता. तिसरी मारली तर माणूस."

राघो पोट धरून हसला. आईने त्यालाही हेच शिकवलं होतं, पण मुंबईकडे आल्यावर ते त्याच्या अंगावरून गळून गेलं होतं. हौसाबाई काही हसली नाही. तिने सदूला समोर बसवून फैलावर घेतलं.

"हिकडं भूत न्हाय, मी हाय. माझा आवाज वळखत न्हाय?"

"भूत आवाजपण काढता, मावशी. आणि..." सदू जरा घुटमळला. "ह्याच टाकीत दोघं गेलेत ना? मग?"

त्या दोघांतला एक तिचा नवरा होता, आणि तिन्हीसांजेला त्या टाकीजवळून जाताना ती स्वतः पदर कानांवरून घट्ट ओढून घ्यायची. खाडीकाठी वाढलेल्या बाईला असल्या गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत.

सदूने पहिल्या हाकेला ओ द्यायचं कबूल केलं. दोन दिवस दिलीही. तिसऱ्या दिवशी जीभ जुन्या वळणावर गेली. शेठला सांगितलं असतं तर सदूला काढून टाकलं असतं, आणि त्याच महिन्यात त्याची बायको आशा गावाहून येऊन वखारीच्या शेडमागच्या खोलीत, हौसाबाईच्या शेजारी, चूल मांडून बसली होती. तेव्हा हौसाबाईने सोपा मार्ग काढला. सदू आत असला की ती तीन हाका एका दमात मारायची, "सदू-सदू-सदू रे!" आणि तो तिसरीला ओ द्यायचा. झालं. कुणाचं काही अडलं नाही. माणसाने वाकड्या खुंटीला एकदा पागोटं अडकवलं की खुंटी वाकडी आहे हे तो विसरतो.

हळूहळू पहिल्या दोन हाकांनंतर तिच्या पोटात गोळा येईनासा झाला. सात वर्षांनी तिला जरा श्वास घ्यायला फुरसत मिळाली आणि ती तिला आवडली, हे तिनेच पुढे स्वतःजवळ कबूल केलं.

एकाहत्तरच्या हंगामात आशाला पाचवा महिना लागला होता. दुपारी ती हौसाबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसे. "मावशी, तुम्ही वर असता म्हणून मला घास गिळवतो," असं ती एकदा म्हणाली. हौसाबाईने तिच्या ताटात तळलेल्या बोंबलाचा आणखी एक तुकडा टाकला आणि वर पाहिलं नाही.

चैत्रातली ती दुपार अशी होती की वाऱ्याला जणू कुणी बांधून घातलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. सकाळी तीन नंबरमध्ये सोडलेला दिवा नीट जळला होता. बाकीचे गडी जेवायला गेले. सदू म्हणाला, पाचसहा बादल्याच राहिल्यात, काढूनच येतो. राघो कप्पीवरून बादली ओढायचा, शेडमागच्या ढिगावर रिकामी करायचा आणि परत यायचा. हौसाबाई टाकीच्या तोंडाशी बसली होती.

राघो बादली घेऊन गेला. हौसाबाईने सुरुवात केली, "सदू! सदू!"

"ए बाई, मालिक किधर है?"

मागे परवाना तपासणारा साहेब उभा होता. नवीनच आलेला, घामाने डबडबलेला. हौसाबाई उठून उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. "शेठ वसई गयेला है साहेब. शाम को आयेगा."

"और तुम इधर बैठ के चिल्लाती काहे को हो?"

आता हा प्रश्न तिला आठ वर्षांत कुणी विचारला नव्हता. वखारीतल्यांना माहीत होतं आणि बाहेरच्यांना पर्वा नव्हती. हौसाबाईला बरं वाटलं. तिने आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. हवा कशी जड असते, दिवा कसा सोडतात, दोर कसा बांधतात. साहेब मान हलवत ऐकत होता. "अभी अंदर आदमी है?" त्याने विचारलं.

"है ना. मैंने दो बार बुलाया."

"जवाब तो नहीं दिया."

"वो तिसरी को देता है," हौसाबाई हसून म्हणाली. "उसका ऐसाच है. देखो हां." आणि तिने वाकून आरोळी दिली, "सदू रे!"

टाकीतून काहीच आलं नाही.

तिच्या ओठांवरचं हसू अजून तिथेच होतं. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग तिला कळलं की चौथी आणि पाचवी हाक म्हणजे काय असतं. तिने दोर धरला आणि ओढला. दोर हलका आला, सळसळत, भराभर. त्याच्या टोकाला कुणी नव्हतं. फावड्यात अडकतो म्हणून सदूने तो कमरेचा सोडून ठेवला होता.

तिने टाकीच्या तोंडात डोकं घातलं. खाली अंधारात सदू चोथ्यावर टेकून बसला होता, मान छातीवर, हात मांडीवर, जेवून जरा टेकलेला माणूस बसतो तसा. तिच्या नाकात तो गोड वास शिरला आणि तिचं डोकं गरगरलं.

तेवढ्यात राघो आला. त्याने तिचा चेहरा पाहिला, रिकामा दोर पाहिला आणि हातातली बादली फेकली. काय झालं असं त्याने विचारलंही नाही. दोन ढांगांत तो तोंडाशी आला आणि एक पाय आत टाकला. हौसाबाई त्याच्या दुसऱ्या पायावर आडवी पडली. दोन्ही हातांनी तिने तो पाय पोटाशी आवळून धरला.

"सोड! माझा भाव आहे तो!"

"न्हाय सोडणार! तू बी जाशील! धर्मा बी असाच गेला!"

राघोने तिच्या पाठीत बुक्की मारली, केस धरून ओढले, तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. तिने पाय सोडला नाही. आपण एका माणसाला खाली मरू देतो आहोत, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. तरी तिने पाय सोडला नाही. साहेबही भानावर आला, त्याने मागून राघोच्या कमरेला मिठी घातली आणि तिघंही जमिनीवर कोसळली.

"गळ आन!" हौसाबाई ओरडली. "इहिरीवरचा गळ!"

विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ काठावरच टांगलेला असे. चार आकडे आणि लांब दोर. राघो धावला, साहेबाने ओरडून माणसं गोळा केली. गळ हातात आला तशी हौसाबाई पालथी पडली, श्वास रोखून तिने टाकीच्या तोंडातून खाली पाहिलं आणि गळ सोडला. हात खाडीवरचे होते, काम विसरले नव्हते. पहिल्यांदा आकडा सदूच्या खांद्यात रुतला. तिने ओढलं, मांस फाटलं आणि आकडा सुटला. सदू हलला नाही. तिने डोकं बाहेर काढून श्वास घेतला आणि पुन्हा वाकली. दुसऱ्यांदा आकडा त्याच्या खाकी चड्डीच्या पट्ट्यात बसला.

"ओढा!"

पाच माणसांनी ओढलं. सदू दुमडलेल्या अवस्थेत वर आला, ओठ जांभळे, खांद्यातून रक्त वाहतंय. त्याला वाऱ्यावर नेलं, पण वारा होता कुठे? कुणी सुपाने वारा घातला, कुणी पाणी मारलं. साहेबाने त्याच्या छातीवर दाब दिला. आशा धावत आली आणि त्याला पाहून तिथेच मटकन खाली बसली, ओरडलीसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने सदूला उलटी झाली आणि तो खोकला. राघो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला आणि त्याने हौसाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्या पाठीत अजून त्याच्या बुक्कीची कळ होती.

त्यानंतर वखारीत, काशीगावात, भाईंदरच्या मासळीबाजारातसुद्धा हौसाबाईचं नाव झालं. नुसत्या गळाने माणूस काढला! पास्कूशेठने तिच्या नावाने मेणबत्ती लावली. साहेबाने काय लिहून नेलं कुणास ठाऊक, पण तो हंगाम वखार चालू राहिली. हौसाबाईला मात्र रात्र रात्र झोप नव्हती. दुसरी हाक मारल्यापासून तिसरी मारेपर्यंत किती वेळ गेला होता? एक पान चघळून होईल एवढा. कदाचित जास्तच. तो वेळ तिने साहेबाला आपलं शहाणपण सांगण्यात घालवला होता, आणि ते फक्त तिला माहीत होतं. राघो शेडमागे होता, आणि साहेबाला त्यातलं काय कळणार?

खांदा भरून यायला सदूला दोन महिने लागले. तो बाटल्या धुवायच्या कामाला बसला. एकदा बाटल्या धुता धुता तो तिला म्हणाला, "मावशी, मी पहिली हाक ऐकलेली."

हौसाबाईने हातातली बाटली खाली ठेवली.

"पाय लटपटत होते. डोक्यात घूं घूं होत होता. म्हटलं, तिसरीला ओ देईन आणि वर यायला सांगेन. मग खाली बसलो. दुसरी ऐकली. मग काय आठवत नाय. तिसरी तेवढी राहिली." तो हसला. "आईचा ऐकून मरणारच होतो. आता नाय. ह्या पुढं पहिल्या हाकेला ओ."

तेव्हा बोलायला हवं होतं. ती बोलली नाही.

श्रावणात आशाला मुलगा झाला. माघ उजाडला, नाशकाचे ट्रक आले, टाक्या भरल्या. फाल्गुन सरता सरता पहिल्या टाकीतला रस काढला आणि शेठने उतरणारी माणसं विचारली. सदूने हात वर केला. कुणी बळजबरी केली नव्हती. उतरणाऱ्याला दोन रुपये जास्त मिळायचे, आणि घरात आता तिसरं तोंड होतं.

त्या संध्याकाळी हौसाबाई त्यांच्या खोलीवर गेली. आशाने तिला पाटावर बसवलं आणि मुलाला तिच्या मांडीत दिलं. ट्रंकेतून नवं लुगडं काढून पुढ्यात ठेवलं. "कधीचं द्यायचं होतं, मावशी. तुमच्यामुळे माझं घर उभं आहे."

"सदू, उद्या तू उतरू नको," हौसाबाई म्हणाली.

"का? तुम्ही असताना कसली भीती?" सदू म्हणाला. "आमचा काय, मावशी वर म्हणजे देव वर."

नेमकी त्याच्या या भरवशाचीच भीती तिला महिनाभर छळत होती. तिने मूल आशाच्या हातात परत दिलं. लुगडं हळूच बाजूला सारलं.

"त्या दिवशी दोन हाका मारल्या न् मी तिसरी मारलीच न्हाय," ती म्हणाली. "साहेबाशी बोलत बसली. मी कशी हाक मारते, तू कसा तिसरीला ओ देतो, ते त्याला सांगत बसली. हसत व्हती मी. तू खाली बसला तवा मी हसत व्हती."

चुलीवर भात रटरटत होता. सदू तिच्याकडे बघत राहिला, जणू आधी कधी पाहिलीच नव्हती.

"किती वेळ?" आशाने विचारलं.

"लय वेळ."

"तुम्ही मारलं असतंत ह्यांना."

"व्हय."

आशाने मुलाला छातीशी घट्ट धरलं. तिचा चेहरा एकदम परका झाला होता. "मावशी, तुम्ही जा आता," ती म्हणाली.

हौसाबाई उठली. बाहेर पडता पडता तिच्या मागे दार लागलं आणि आतून कडी घातली गेली. अंगणात अंधारून आलं होतं. पण ती तिथून हलली नाही. दाराला कान लावून उभी राहिली.

आतून आशाचा आवाज आला, रडका आणि रागाचा. "उद्या त्या टाकीत जायचं नाही. तीन दिवस उपाशी राहिलो तरी जायचं नाही. माझी शपथ."

सदूला उत्तर द्यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिच्या पोटात तो जुना गोळा आला.

"नाय जाणार," सदू म्हणाला.

तेवढं ऐकलं आणि मगच ती आपल्या खोलीकडे वळली.